कोपरेफोड्यांचा कोपरा

वाशिनोसे
२० मे १९६२

प्रिय गिहेई,

पत्राची सुरवात ऋतूने करावी, डोंगरावरच्या कोवळ्या पालवीबद्दल दोन बरी वाक्यं लिहावीत आणि मग तब्येत विचारावी, ही आपल्याकडची रीत. आज पालवीचं राहू दे. किल्ल्यावर दगड निघालेत आणि ते आपले आहेत. घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय, तुझ्या ताईला अजून म्हातारचळ लागलेला नाही.

आता नीट सांगते. आपले नवे नगराध्यक्ष ओकिता यांनी किल्ल्यावर सिमेंटचा पाच मजली मनोरा बांधायचं डोक्यात घेतलंय. पलीकडच्या खोऱ्यातल्या गावाने बांधला, तिथे बसगाड्या भरभरून पाहुणे येतात, मग आपणच का मागे राहायचं. आपल्या किल्ल्याला मनोरा कधी नव्हताच, असं मी त्यांना आपल्या टोफूच्या दुकानात ऐकवलं, तर म्हणाले, नव्हता म्हणूनच तर बांधायचा. पायासाठी खणायला सुरवात केली ती नेमकी तटाच्या फुटक्या कोपऱ्याखाली. पुरुषभर खाली गेल्यावर पहार ठण्णकन वाजली. माती काढली तर लांबच लांब घडीव दगड, एकाला एक लागून, मुलं झोपवावीत तसे निजवलेले.

मी मजुरांना टोफू द्यायला वर गेले होते. मला पाहून मजूर आपसात कोपरखळ्या मारायला लागले. प्रांताच्या संग्रहालयाने देखरेखीला सेनो नावाच्या बाई पाठवल्यात. तिशीच्या आतबाहेर असतील, पुरुषांसारखी विजार घालतात आणि चिखलात खुशाल मांडी ठोकून बसतात. त्यांनी विचारलं, तुम्हाला बघून हे लोक का हसतात? बाहेरगावच्या, त्यांना काय ठाऊक. मग मी सगळं सांगून टाकलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुरेबायाशी सरदारांच्या या किल्ल्याला वेढा पडला. ज्या पाथरवटाने तट रचला होता त्यानेच शत्रूची लाच खाऊन कोपरा फोडला, वाट दिली, आणि किल्ला जळून खाक झाला, असं गाव म्हणतं. तो पाथरवट म्हणजे आम्हा कागेयामांचा मूळपुरुष. म्हणून गावात आम्ही कोपरेफोडे. शरदातल्या जत्रेत देवाची पालखी दारोदार थांबते, भोई ती प्रत्येक उंबऱ्यापुढे तीनदा उंच उचलतात, आणि आमच्या दारावरून मात्र तोंड मिटून पळत सुटतात. कागेयामांच्या एकाही पुरुषाच्या खांद्याला ती दांडी लागू देत नाहीत. माझा धाकटा भाऊ एका जत्रेनंतर गाव सोडून ओसाकाला गेला तो गेलाच, हेही सांगितलं.

सेनो बाई हसल्या नाहीत. दगडावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसत म्हणाल्या, "इसोएबाई, किल्ला जळून खाक झाला, तर या दगडांवर काजळी कुठे आहे?"

गिहेई, खरंच नाहीये रे. एकही दगड भाजलेला नाही. आणि त्यांच्या पाठीवर पाचरीची खूण आहे, आपल्या टोफूच्या साच्यावर दाब द्यायला जो दगड ठेवतो त्याच्यावर आहे तीच. मी गेली तीस वर्षं रोज ती खूण बोटांनी चाचपते आहे, मला ती अंधारातही ओळखता येईल. येताना उतारावर सायकलला ब्रेक लावायचं विसरले आणि तांदळाच्या दुकानात शिरले. लागलं नाही. तू ये.

तुझी ताई
इसोए

*

ओसाका
२६ मे

ताई,

पत्र पोचलं. आधी सायकलचे ब्रेक दुरुस्त कर, मग इतिहासाचं बघू.

पाठीवर आपली खूण आहे, बरं. त्याने काय सिद्ध झालं? कोपरा आपल्या माणसाने रचला आणि आपल्याच माणसाने फोडला, हेच तर गाव साडेतीनशे वर्षं बोंबलून सांगतंय. चोराच्या परसात चोरीचा माल सापडला म्हणून चोर नाचत नाही. तू नाचतेस.

काजळीचंही ऐक. मी इथे रोज थडग्याचे दगड घडवतो. आगीत सापडलेले दगडही येतात माझ्याकडे. शेकडो वर्षं मातीत राहिला की दगड काय काय विसरतो हे मला नको सांगूस. त्या सेनो बाई शिकलेल्या असतील, पण तरुण आहेत. तरुणपणी प्रत्येक खड्ड्यात काहीतरी सापडतं.

आणि तो दाबाचा दगड नदीत टाकून दे, असं मी गाव सोडताना म्हणालो होतो, अजूनही म्हणतो. आजोबा आपल्या दोघांना समोर बसवून काय बजावायचे, आठवतं ना? विकू नका, फोडू नका, त्याचं तोंड वर करू नका. सगळ्या जगाच्या घरात दगड उताणे असतात, आपल्याच घरात पालथा. का? तोंड दाखवायला जागा नाही म्हणून. मला हे सहा वर्षांचा असताना कळलं होतं, तुला छप्पन्नाव्या वर्षीही कळू नये, कमाल आहे.

तुझी भावजय नोबुए तुला नमस्कार सांगते. पितरांच्या बोन सणाच्या आधी थडग्यांची कामं अंगावर आलीत, गावाला येणं जमणार नाही.

गिहेई

ता.क. खड्ड्यातल्या दगडांची घडीव बाजू वर आहे की खाली? सहज विचारतो.

*

वाशिनोसे
३ जून

गिहेई,

सहज विचारतोस होय रे? मी तुला पाळण्यात पाहिलंय.

खाली. सगळ्यांची घडीव बाजू खाली. तुझं पत्र आलं तशी मी साच्यावरचा दगड न उचलता, दुकान उघडं टाकून, वर पळाले. सेनो बाईंना म्हटलं, एक दगड उलटून दाखवा. चार माणसांनी पहारी लावून उलटला. खालून तोंड निघालं ते काल घडवल्यासारखं, छिन्नीची एकेक रेघ दिसत होती. दगडाखाली बारीक वाळूची गादी घातलेली. फितूर माणूस, मागे लढाई पेटलेली, आणि तो दगडाखाली वाळू पसरत बसेल काय? तूच सांग.

आणखी एक. ते कसे ठेवलेत ते मी कागदावर काढून पाठवते आहे. मला चित्र येत नाही, हे सुरण नाहीत, दगड आहेत. एकाचं लांब अंग उजवीकडे, पुढच्याचं डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सेनो बाई म्हणतात यात काहीतरी क्रम आहे, पण दगड रचणाऱ्या हाताला विचारायला हवं. मी म्हटलं, असा एक हात ओसाकात आहे, पण तो रुसलेला आहे.

आता घोळ ऐक. ओकितांना दगड सापडल्याचा आनंद झाला तो निराळ्याच कारणाने. म्हणाले, आयतीच खडी मिळाली, फोडा आणि मनोऱ्याच्या पायात घाला. दगड फोडायचं यंत्र परवा सकाळी डोंगरावर चढवलं. सेनो बाईंनी संग्रहालयाला तार केली आहे, पण वरून हुकूम येईपर्यंत इथे भुगा झाला असता. मला काही सुचेना. मी टोफूची पाटी घेऊन सरळ मधल्या दगडावर जाऊन बसले. मुकादम म्हणाला, आजी उठा. मी म्हटलं, इथे गिऱ्हाईक चांगलं आहे, मी आजपासून इथेच विकणार. तो हसायला लागला आणि त्याने दोन टोफू घेतले, पण उठवायचं काही त्याला धाडस झालं नाही.

तेवढ्यात देवळाचे पुजारी वर आले. मीच निरोप पाठवला होता. त्यांना विचारलं, हेतूने पुरलेला दगड शांत केल्याशिवाय हलवला तर चालतं का? ते म्हणाले, छे, मजुरांच्या अंगावर येईल. मग मुहूर्त बघायला पंचांग उघडलं, आणि बघता बघता पंधरवड्यात एकही चांगला दिवस निघेना. पुजाऱ्यांना टोफू तळलेला आवडतो, हे माझ्या लक्षात आहे. मजुरांनी यंत्र बंद केलं. ओकिता लाल झाले, पण बिनशांतीचा दगड फोडायला गावातला एक माणूस तयार होईना.

मिळालेत ते एवढेच दिवस. तो क्रम काय आहे ते सांग. दगड एकदा विस्कटले की आपण कायमचे कोपरेफोडे.

इसोए

*

ओसाका
९ जून

ताई,

तुझं चित्र बघून नोबुएने विचारलं, ही वांगी कुठली. मी मात्र ते भिंतीला डकवलंय.

उजवा, डावा, उजवा, डावा. तटाचा कोपरा असाच रचतात. एका दगडाचं लांब अंग एका भिंतीत घुसवायचं, त्याच्या वरच्याचं दुसऱ्या भिंतीत, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना धरून राहतात. लहान पोरं हातावर हात ठेवून खेळतात तसं. तुझ्या चित्रात पहिला निजवलेला दगड सगळ्यात लहान आणि शेवटचा सगळ्यात मोठा. म्हणजे जो कोपऱ्याच्या माथ्यावर होता तो आधी उतरवला आणि आधी ठेवला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा. ओळ मोडलेली नाही. फोडणारा माणूस दगड ढकलतो, ताई. ढकललेला दगड गडगडतो, कडा मोडून घेतो, कुठेही पडतो. हे ढकललेले नाहीत. हे तिकाटी आणि कप्पी लावून, दोर घालून, एकेक करून उतरवलेत. दिवसाढवळ्या, घाई नसताना, पाच-पंचवीस माणसं हाताशी घेऊन. चोरून असलं काम होत नाही. मला आज कुणी सांगितलं तर मीसुद्धा दोन महिने मागेन.

मी हे लिहितोय आणि समोर गिऱ्हाईक ताटकळत बसलंय. बसू दे.

सेनो बाईंना सांग, सगळ्यात मोठा दगड शेवटी उचला. आणि उचलाल तेव्हा सरळ वर, बाजूला ओढू नका. त्याच्या खाली काही असेल तर ते ओढण्याने चिरडेल. पाथरवट शेवटच्या दगडाखाली रिकामं ठेवत नाही.

मी येणार नाही. हे दगड बघायची इच्छा आहे, माणसं बघायची नाही. आणि आता कामं आहेत.

गिहेई

*

वाशिनोसे
२० जून

लबाडा,

तू आला होतास.

रविवारी सकाळच्या बसने आलास, वर गेलास. सेनो बाईंनी मला काल सांगितलं. म्हणाल्या, एक बुटके, जाड भुवयांचे गृहस्थ आले, नाव सांगितलं नाही, दगडांवरून एकेक करून तळहात फिरवत गेले, जणू घोडे तपासताहेत. मग म्हणाले, "बाई, हा तिसरा दगड तुम्ही परत ठेवताना फिरवलाय." आणि खरंच फिरला होता. मग खिशातून दगडाची कपची काढून डुगडुगणाऱ्या दगडाखाली सारली आणि गेले. खिशात कपच्या घेऊन फिरणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे.

एवढ्यावर भागलं नाही. मी तेव्हा पुजाऱ्यांकडे गेले होते. गल्ल्यावर नवी शेजारीण बसली होती, ती तुला ओळखत नाही. तिच्याकडून तू एक टोफू विकत घेतलास. पैसे देऊन. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बहिणीच्या हातचा टोफू, पैसे देऊन. वर तिला म्हणालास म्हणे की चव तीच आहे. ती बिचारी विचारत होती, ते कोण होते हो? मी आत जाऊन साच्यावर डोकं टेकून रडले आणि मग तुला इतक्या शिव्या दिल्या की सोयाबीन नासलं असेल.

ते राहू दे. मुख्य गोष्ट पुढेच आहे, बस खाली. काल शांती झाली. तू सांगितल्याप्रमाणे मोठा दगड सरळ वर उचलला. सगळं गाव जमलं होतं, ओकितासुद्धा. खालच्या वाळूत मातीच्या दोन बशा निघाल्या, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या. पुजारी खाली उतरले आणि त्यांनी बशांपुढे हात जोडले. मग म्हणाले, जमिनीला शांत करताना आम्ही आजही अशाच बशा ठेवतो. हे चोराचं काम नाही, इथे पूजा झाली आहे.

मग सेनो बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या. चिखलाने माखलेल्या, केस सुटलेले, आणि आनंदाने त्यांचा आवाज फाटत होता. म्हणाल्या, किल्ला मोडायची एक रीत होती. सरदार शरण आला की त्याच्या किल्ल्याचे कोपरे वरून उतरवायचे. माणूस मान खाली घालतो तशी किल्ल्याने मान खाली घालायची. कोपरे उतरले की किल्ला मेला, आणि किल्ला मेला की आतल्या माणसांना मारायचं नाही. इथे वाट दिलेली नाही, इथे आग लागलेली नाही. इथे एका पाथरवटाने आपल्या हाताने रचलेला कोपरा आपल्याच हाताने उतरवला, म्हणून किल्ल्यातली माणसं जिवंत घरी गेली. तुम्ही त्यांचीच लेकरं आहात.

सगळ्यात म्हातारे कांजिरो, पालखीच्या भोयांचे म्होरके, काठी टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "हरलो म्हणण्यापेक्षा फितुरी झाली म्हणणं सोपं पडलं असेल." एवढंच. पण माझ्याकडे बघून म्हणाले.

ओकितांची गंमत ऐक. संध्याकाळपर्यंत त्यांनी मनोरा रद्द केला. म्हणे, सिमेंटचे मनोरे गावोगाव आहेत, असा कोपरा कुणाकडे आहे? वर म्हणे ही कल्पना आधीपासून त्यांच्या मनात होतीच. असू दे बापडे. गावाची इच्छा आहे की कोपरा पुन्हा उभा करावा, आणि तो कागेयामानेच करावा. सोबत गावसभेचं आमंत्रण आहे. कांजिरोंनी स्वतःचा सहीचा शिक्का सगळ्यांत आधी मारलाय.

इसोए

*

ओसाका
२ जुलै

ताई,

आठ-दहा दिवस लिहायला बसतोय आणि उठतोय. तोंडाने कधी बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

मी अठरा वर्षांचा होतो. जत्रेच्या गर्दीत एक भोई लटपटला, दांडी रिकामी झाली, मी शेजारी होतो, खांदा दिला. विचार करून नाही दिला. देव खाली पडू नये म्हणून कुणीही देईल. दहा पावलं चाललो असेन. त्या दहा पावलांत मला वाटलं की मी या गावचा आहे. मग कांजिरो ओरडला, आणि त्यांनी काय केलं, ताई? मला मारलं नाही, ढकललं नाही. त्यांनी पालखी रस्त्यावर ठेवली. देव धुळीत ठेवला, पण माझ्या खांद्यावर नाही ठेवला. आणि मी बाजूला होईपर्यंत सगळे गप्प उभे राहिले. त्याच माणसाचा शिक्का तू मला पाठवतेस.

माझ्या पाया पडून रडावं अशी त्याची इच्छा असेल तर मला त्यात रस नाही.

पण दगडांचा काही दोष नाही. त्या म्हाताऱ्याने, आपल्या मूळपुरुषाने, वाळू पसरून तोंडं जपली ती कुणासाठी? पुन्हा रचणाऱ्यासाठी. साडेतीनशे वर्षं तो वाट बघतोय आणि मी कांजिरोवर रुसून बसलो, तर तो मला काय म्हणेल? बोनची कामं उरकली की येतो. कोपरा उभा करतो. जत्रेच्या आदल्या सकाळी परत जातो. जत्रा मी बघणार नाही, आणि यावर वाद घालायचा नाही.

आता एक. त्या रविवारी मी दगड मोजून आलो. ओळीत पहिला हवा तो नाहीच. कोपऱ्याच्या माथ्यावर एक लहान दगड असतो, पाचरीसारखा. तो शेवटी बसतो, आणि तो नसला तर वरचा सगळा थर डुगडुगतो. ओळीच्या तोंडाशी वाळू आहे, दगड नाही. तो पुरलाच नव्हता. घरी नेला.

विकू नका, फोडू नका, तोंड वर करू नका. लाज म्हणून नाही गं. तोंड जपायचं म्हणून. ज्याच्या घरी शेवटचा दगड, त्याच्याच घरी कोपरा परत रचायचं काम. सांगणारे मेले, नेम तेवढा राहिला. आणि मी तुला तो नदीत टाकायला सांगत होतो. तू माझं कधीच ऐकलं नाहीस, हे किती बरं झालं. टोफू दाबायला दुसरा दगड मी घडवून आणतो.

गिहेई

*

वाशिनोसे
१५ ऑक्टोबर

गिहेई,

तू परवा बसमध्ये बसलास आणि खिडकीतून हातसुद्धा केला नाहीस. दीड महिना माझ्या घरी राहिलास, रोज तीन वाट्या भात खाल्लास, मजुरांना शिव्या देऊन देऊन शिकवलंस, सेनो बाईंना ओळंबा धरायला लावलास, आणि शेवटचा दगड माझ्या हाताने बसवलास. तो चपखल बसला तेव्हा खट् झालं. तेवढ्या आवाजाने तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. आणि तरी जत्रेच्या तोंडावर निघून गेलास. वाद घालायचा नाही म्हणाला होतास म्हणून घातला नाही. आता घालते.

काल पालखी निघाली. मी दार लावून आत बसले होते. आपल्या घरची सवयच ती, भोई पळताना आपली तोंडं त्यांना दिसू नयेत म्हणून. शेजारच्या दारापुढे तीन आरोळ्या झाल्या. मग सगळं शांत झालं. मी मनात म्हटलं, चला, पळाले. पण पावलांचा आवाजच येईना. बराच वेळ गेला. मग कुणीतरी दार वाजवलं.

उघडलं तर पालखी आपल्या उंबऱ्यापुढे उभी. पुढे कांजिरो, काठी नाही, नुसतेच वाकलेले. आणि गिहेई, पालखी वाकडी होती. पुढची डावी बाजू खाली गेलेली. बाकीचे भोई घामाने निथळत होते, एका बाजूचा भार त्यांच्या माना मोडत होता, कारण पुढच्या डाव्या दांडीखाली माणूसच नव्हता. मी विचारलं, हे असं काय?

कांजिरो म्हणाले, "ती गिहेईची जागा आहे. मी त्याला तिथून उठवला होता. तो येईपर्यंत ती कुणी घेणार नाही."

देवळापासून तशीच आणली होती रे. सगळ्या गावातून, घाटीच्या चढावरून, पुलावरून, एक खांदा कमी घेऊन. लोक विचारत होते आणि ते सगळ्यांना हेच सांगत होते. मग त्यांनी ती आपल्या दारापुढे तीनदा उचलली. तिसऱ्या वेळी मागचा भोई कण्हला. मी उंबऱ्यात उभी राहून हंबरडा फोडून रडले. लाज वाटली नाही. सेनो बाई माझा हात धरून माझ्याहून मोठ्याने रडत होत्या, त्यांचा तर गावाशी काही संबंधही नाही.

नव्या दगडाला अजून दाबायची अक्कल आलेली नाही, टोफू मऊ पडतोय आणि गिऱ्हाइकं कुरकुरताहेत. मी त्यांना वर बोट दाखवते. कोपऱ्याचा माथा दुकानातून दिसतो, बघितलास का तू? तोंड वर करून बसलाय.

पुढच्या वर्षीही पालखी अशीच वाकडी निघणार म्हणतात. त्यांच्या माना किती वर्षं मोडायच्या ते तू ठरव.

इसोए

*

ओसाका
१९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

ओसाकात आता सकाळी गारवा असतो. अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर फळांना रंग चढलाय, पाखरांच्या आधी आपण उतरवावीत की काय असा नोबुएचा विचार चाललाय. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करतो. बघ, रीतीने सुरवात केली. जन्मात पहिल्यांदा.

तुझं पत्र मी कामाच्या जागी वाचलं. वाचून झाल्यावर हातोडा बाजूला ठेवला. नोबुए बाहेर आली, माझ्या हातातून पत्र घेतलं, उभ्यानेच वाचलं आणि आत जाऊन फडताळातली भांडी काढायला लागली. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, बांधाबांध.

मी तिला म्हटलं, अगं, जत्रेला अजून अख्खं वर्ष आहे. त्यावर ती म्हणाली ते तुला लिहून कळवतो. म्हणाली, साडेतीनशे वर्षं थांबायला तुम्ही काय दगड आहात?

हातातली दोन थडगी पुरी करून देतो, हत्यारं पुढे पाठवतो. महिनाअखेरच्या रविवारी सकाळच्या बसने येऊ. थांब्यावर येऊ नकोस, तू सायकल घेऊन येशील आणि ब्रेक अजून दुरुस्त केलेले नसतील. घर मला माहीत आहे.

टोफूचे पैसे मात्र या वेळी देणार नाही.

तुझा
गिहेई